प्रत्यारोपणाचा मुक्काम कुठे? वॉर्ड, धर्मशाळा आणि घर

मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला मूलपेशी प्रत्यारोपणाचा सल्ला मिळाला की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा मुक्कामाचा. किती दिवस ॲडमिट राहावे लागेल? भारतातल्या बहुतेक केंद्रांत याचे उत्तर ‘दोन ते तीन आठवडे, तेही बंद खोलीत’ असे मिळते. अमेरिकेतली काही केंद्रे मात्र त्याच आजाराच्या रुग्णाला, तेच औषध देऊन, रोज सकाळी तपासणीला बोलावतात आणि संध्याकाळी खोलीवर परत पाठवतात. उपचार तोच, धोकेही तेच. फरक फक्त रात्र कुठे काढायची एवढाच. हा फरक किती सुरक्षित आहे, कोणाच्या सोयीचा आहे आणि त्याची किंमत कोण मोजते, यावर तीसेक वर्षे चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे, ते क्रमाने पाहू.

धोक्याचे दिवस कोणते

‘प्रत्यारोपण’ म्हटले की शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे येते. इथे कापाकापी काहीच नसते. स्वतःच्या पेशी वापरायच्या असतील, म्हणजे ऑटोलॉगस प्रत्यारोपण असेल, तर काही दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात, यंत्राने वेगळ्या काढतात आणि साठवून ठेवतात. मग केमोथेरपीचा मोठा डोस दिला जातो. मायलोमात तो साधारणपणे मेल्फलानचा असतो, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम या हिशेबाने. त्यानंतर साठवलेल्या पेशी शिरेतून परत देतात. रक्त चढवण्यासारखेच हे काम काही वेळात आटोपते. त्या दिवसाला शून्य दिवस म्हणतात.

खरा कठीण काळ पुढे असतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रक्तपेशींचे काउंट पडतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ५००च्या खाली जातात, तोंड येते, जुलाब लागतात, प्लेटलेट्स द्याव्या लागतात. या काळात ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१ फॅरनहाइट ताप एकदा जरी आला तरी ती तातडीची अवस्था मानली जाते आणि तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी काउंट वर येऊ लागतात.

दुसऱ्याच्या पेशी वापरल्या, म्हणजे ॲलोजेनिक प्रत्यारोपण असले, की गणित बदलते. काउंट यायला दोन ते चार आठवडे लागतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात. या विकाराला डॉक्टर थोडक्यात ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. पहिले शंभर दिवस डोळ्यांत तेल घालून जपावे लागते आणि धोका त्यानंतरही संपत नाही.

या दिवसांत वॉर्ड चार कामे करतो. जंतूंपासून आडोसा देतो, रुग्णावर नजर ठेवतो, बिघडले तर तत्काळ उपचार करतो आणि रोजची शुश्रूषा सांभाळतो. यातल्या प्रत्येक कामासाठी रुग्णालयातली खाट खरोखर लागते का, या एका प्रश्नात बाकीचा सगळा वाद सामावतो.

बंद खोलीपासून हॉटेलपर्यंत

सुरुवातीचा इतिहास भीतीचाच होता. १९५७ साली अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा शिरेतून दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगले नाही. पुढे सिएटलमध्ये त्यांनी ही पद्धत चिकाटीने उभी केली आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मधल्या काळात रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवणे, निर्जंतुक अन्न देणे, भेटी बंद करणे ही शिस्त रूढ झाली. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने पहिले यशस्वी ॲलोजेनिक प्रत्यारोपण केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ मध्ये काम सुरू झाले. दोन्ही ठिकाणी अर्थातच वॉर्डाचीच पद्धत आली.

१९९०च्या दशकात परिस्थिती बदलली. काउंट लवकर वर आणणारे फिलग्रास्टिम आणि उलट्या आटोक्यात ठेवणारे ऑन्डान्सेट्रॉन ही दोन्ही औषधे १९९१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. अस्थिमज्जेऐवजी रक्तातून मूलपेशी काढू लागल्याने काउंट पडलेले राहण्याचा काळ आणखी घटला. तोंडाने घ्यायची प्रभावी प्रतिजैविके, महिनोन्‌महिने टिकणारी सेंट्रल लाईन आणि कमरेला बांधता येणारे पंप मिळाले. पूर्वी खाटेशी बांधलेली बरीच कामे आता दिवसाच्या कक्षात होऊ लागली.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात विल्यम पीटर्स यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ही नवी व्यवस्था बसवली. केमोथेरपी वॉर्डात, मग रुग्ण जवळच्या मुक्कामाच्या जागी आणि रोज दवाखान्यात हजेरी. पुढे स्तनाच्या कर्करोगात प्रत्यारोपणाचा फायदाच होत नसल्याचे १९९९ च्या सुमारास निष्पन्न झाले आणि त्याची बाजू उचलून धरणारा दक्षिण आफ्रिकेतला एक अभ्यास २००० साली बनावट ठरला. उपचार मोडीत निघाला, पण त्याच्यासाठी उभारलेली व्यवस्था टिकली आणि मायलोमा व लिम्फोमाच्या रुग्णांच्या उपयोगी पडली.

‘बाहेर’ म्हणजे नेमके काय

चर्चेत गोंधळ होतो तो इथे. बाह्यरुग्ण प्रत्यारोपण या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या पद्धती मोडतात. पहिलीत केमोथेरपीपासून काउंट येईपर्यंत सगळे दिवसाच्या कक्षात होते. दुसरीत मूलपेशी वॉर्डात देतात आणि काउंट पडण्याआधी डिस्चार्ज देतात. तिसरीत सुरुवात बाहेर होते आणि काउंट पडायच्या बेताला रुग्णाला आत घेतात. चौथीत परिचारिका रुग्णाच्या घरी जाते. मुक्कामाची जागाही सारखी नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयाने २०१२ पासून ‘कॉटन रूम्स’ या स्वतःच्या हॉटेलात रुग्णांची सोय केली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आतला आणि बाहेरचा उपचार एकाच विभागात जोडला गेला. बार्सिलोनात रुग्ण थेट स्वतःच्या घरी राहतो. त्यामुळे एका केंद्राचे यश दुसऱ्याच्या पद्धतीला जसेच्या तसे लागू होईलच असे नाही.

बाहेरच्या बाजूचे म्हणणे

बाह्यरुग्ण पद्धतीचे समर्थक आडोशापासूनच सुरुवात करतात. काउंट पडल्यावर होणाऱ्या बहुतेक जंतुसंसर्गांचा उगम रुग्णाच्या स्वतःच्या तोंडात, आतड्यांत आणि त्वचेवर असतो. ते जंतू बंद दाराने थांबत नाहीत. उलट रुग्णालयातले जंतू औषधांना जास्त दाद न देणारे असतात. जुन्या शिस्तीतल्या काही गोष्टी चाचणीत टिकल्याही नाहीत. इटलीत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘न्यूट्रोडाएट’ चाचणीत फळे-भाज्यांवर कडक बंदी न घातलेल्या रुग्णांना जंतुसंसर्ग अधिक झाला नाही.

दुसरा मुद्दा हिंडण्या-फिरण्याचा आणि जेवणाचा. खोलीत अडकलेला रुग्ण झोपून राहतो, स्नायू गळतात, अन्नावरची वासना उडते. घरी चार पावले चालणे होते, रात्री तपासणीसाठी कोणी उठवत नाही, आवडीचे दोन घास जातात. तिसरा मुद्दा खाटांचा. प्रत्यारोपणाच्या खोल्या मोजक्या असतात आणि ऑटोलॉगस रुग्ण बाहेर सांभाळला तर ती खोली ल्युकेमियाच्या रुग्णाला मिळते.

अनुभवही गाठीशी आहे. मेयो क्लिनिकने २००८ मध्ये मायलोमाच्या ७१६ सलग रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ३९ टक्के रुग्णांना शेवटपर्यंत एकदाही भरती व्हावे लागले नाही. बार्सिलोनाच्या गटाने २००६ मध्ये घरी राहिलेल्या ५० रुग्णांची तुलना वॉर्डातल्या तशाच ५० रुग्णांशी केली. घरच्या गटाचा खर्च जवळजवळ निम्मा निघाला आणि सुरक्षिततेत उणीव दिसली नाही. मेक्सिकोत पुएब्ला आणि माँटेरे इथल्या डॉक्टरांनी तर मूलपेशी न गोठवता काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून, रुग्णाला बाहेर सांभाळत, कमी खर्चाची पद्धत बसवली.

वॉर्डाच्या बाजूचे म्हणणे

वॉर्डाचे समर्थक याच आकड्यांची दुसरी बाजू दाखवतात. मेयोमध्ये ३९ टक्के रुग्ण पूर्ण बाहेर राहिले, म्हणजे बाकीच्या ६१ टक्क्यांना कधी ना कधी खाट लागलीच. ती खाट रिकामी ठेवणे, रात्री दोन वाजता दार उघडे ठेवणे, फोनवर अनुभवी माणूस बसवणे यालाही पैसा आणि मनुष्यबळ लागते. पाठीमागे भक्कम वॉर्ड असेल तरच बाहेरचा उपचार सुरक्षित राहतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर काही तासांत रक्तदाब कोसळतो. वॉर्डात दर चार तासांनी नाडी-ताप पाहिला जातो. घरी ताप मोजायचा कंटाळा, ‘सकाळी बघू’ ही वृत्ती किंवा ताप उतरवणारी गोळी देऊन लपलेले लक्षण यांत मोलाचा वेळ जाऊ शकतो.

तिसरा आक्षेप सोबतीच्या माणसाचा. बहुतेक बाह्यरुग्ण केंद्रांची अट असते की चोवीस तास सोबत एक सक्षम व्यक्ती हवी. ती ताप मोजते, गोळ्यांचे वेळापत्रक सांभाळते, उलटीचे भांडे धुते, पंपाचा आवाज झाला तर फोन करते. वॉर्डात तीन पाळ्यांत विभागलेले काम एका नातेवाइकावर येते, बहुधा घरातल्या बाईवर, आणि त्या कामाचा पगार किंवा बुडालेली मजुरी बचतीच्या हिशेबात सहसा धरली जात नाही. रुग्णांची पसंतीही एकतर्फी नाही. इटलीतल्या मायलोमाच्या रुग्णांना विचारले तेव्हा अनेकांनी वॉर्डच पसंत केला. परिचारिका हाकेच्या अंतरावर असल्याचा धीर हाही उपचाराचाच भाग आहे, असे मानणारे डॉक्टर पुष्कळ आहेत.

पुरावा किती भक्कम

प्रसिद्ध झालेले बहुतेक अभ्यास मागे वळून पाहणारे आहेत. बाहेर पाठवलेले रुग्ण मुळातच तरुण, कमी सहव्याधी असलेले, केंद्राजवळ राहणारे आणि घरची साथ असलेले होते. वयस्क, मधुमेही, मूत्रपिंड अधू झालेला किंवा एकटा राहणारा रुग्ण आतच राहिला. दोन्ही गटांची तुलना केल्यावर बाहेरचे निकाल चांगले दिसले, तर श्रेय जागेचे की निवडीचे, हे सांगता येत नाही. चिठ्ठी टाकून रुग्ण दोन गटांत विभागणाऱ्या मोठ्या चाचण्या या क्षेत्रात जवळजवळ नाहीत. त्या घेणेही अवघड. रात्र कुठे काढायची हे नशिबावर सोडायला फार थोडे रुग्ण तयार होतील.

तरीही एका बाबतीत बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. निवडक रुग्ण, ऑटोलॉगस प्रत्यारोपण, अनुभवी केंद्र आणि तासाभराच्या अंतरातला मुक्काम, या चारही अटी पाळल्या तर बाहेर राहिल्याने मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे एकत्रित विश्लेषणांत दिसलेले नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०१६ च्या रक्ताच्या कर्करोगांवरील मार्गदर्शनात अशा बाह्यरुग्ण सेवेचा विचार करायला सांगितले आहे.

दात्याच्या पेशी असतील तर

ॲलोजेनिक प्रत्यारोपणात मतभेद अधिक खोल आहेत. सिएटलच्या गटाने १९९०च्या दशकाअखेर पेशी देण्यापूर्वीच्या सौम्य तयारीची पद्धत काढली. किरणोत्साराचा छोटा डोस आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे एवढ्यावर ती चालते. २००१ च्या त्यांच्या वृत्तांतात पात्र रुग्णांपैकी ५३ टक्क्यांचे प्रत्यारोपण पूर्णपणे बाहेर झाले होते. पण हा मार्ग ज्यांना जोरदार केमोथेरपी सोसणार नाही त्यांच्यासाठी होता. सगळ्यांना तो लागू नाही.

याहून अनपेक्षित निष्कर्ष स्टॉकहोमच्या हुडिंगे रुग्णालयातून आला. तिथे १९९८ पासून ॲलोजेनिक रुग्णांना काउंट पडलेल्या काळात घरी राहण्याचा पर्याय देण्यात आला. परिचारिका घरी जाई, डॉक्टर फोनवर असे. २००२ मध्ये घरी राहिलेल्या ३६ जणांचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यांच्यात जीव्हीएचडी कमी, शिरेतून पोषण देण्याची गरज कमी आणि दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ७० टक्के होते. वॉर्डातल्या तुलनेच्या दोन गटांत ते ५७ आणि ५१ टक्के होते. तोंडाने जेवल्याने आतड्यांचे अस्तर आणि तिथले उपकारक जिवाणू टिकतात, म्हणून जीव्हीएचडी घटतो, असा एक तर्क पुढे आला. ड्यूकच्या गटाने याच तर्काचा माग काढण्यासाठी घरच्या प्रत्यारोपणाच्या चाचण्या हाती घेतल्या. मात्र स्टॉकहोमचे रुग्ण स्वतःहून घर निवडणारे आणि तास-दोन तासांच्या अंतरावर राहणारे होते. त्यामुळे हा निकाल आशा दाखवतो. नियम करावा इतका पुरावा त्यातून मिळत नाही. लहान मुलांत, थॅलेसेमियात किंवा जोरदार तयारीनंतर वॉर्डाची गरज आजही बहुतेक तज्ज्ञ निःसंशय मानतात.

पैसे कोणाच्या खिशातून

खर्च कमी होतो, या विधानापुढे ‘कोणाचा’ हा प्रश्न उरतोच. रुग्णालयाची खाट, परिचारिका आणि तपासण्यांचे बिल घटते. पण जवळच्या खोलीचे भाडे, रिक्षा-टॅक्सी, जेवण आणि सोबतीच्या माणसाची बुडालेली कमाई कुटुंबाकडे येते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याची भरती रुग्णासाठीची आणि बाह्यरुग्णासाठीची देय रक्कम वेगवेगळी असल्याने कोणती पद्धत वाढेल, हे काही प्रमाणात हिशेबखाते ठरवते.

भारतात विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शनात रक्तविकारांसाठीच्या मूलपेशी प्रत्यारोपणाचा आधुनिक उपचारांच्या यादीत समावेश केला आणि डे-केअरलाही मुभा दिली. पण पॉलिसीची सगळी रचना अजून ॲडमिट-डिस्चार्ज या दोन तारखांभोवती फिरते. खोलीचे भाडे आणि सोबतीच्या माणसाचा खर्च त्यात क्वचितच बसतो. कोविडच्या काळात ‘कोरोना कवच’ पॉलिसीने घरच्या उपचाराचा खर्च मान्य केला होता, म्हणजे तत्त्व अगदीच परके नाही. प्रत्यारोपणासाठी तशी सर्वसाधारण व्यवस्था झालेली नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कसा उभा राहतो

आपल्याकडे मेक्सिकोच्या पद्धतीतला अर्धा भाग आलेला आहे. मायलोमात मूलपेशी न गोठवता काही दिवस थंड ठेवून परत देण्याची रीत अनेक भारतीय केंद्रांनी स्वीकारली आणि खर्च वाचवला. फ्रिज आला, रुग्णाला बाहेर ठेवण्याचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा रुजला नाही.

पहिले कारण अंतराचे. केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत आणि रुग्ण गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठूनही. शहरातल्या रुग्णालाही परळ ते खारघर हे अंतर गर्दीच्या वेळी तासात गाठता येईलच असे नाही. दुसरे कारण जागेचे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठी २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स यांनी कर्करोगाच्या हजारो कुटुंबांना मुंबईत आसरा दिला. उपचाराआधी आणि काउंट आल्यानंतर या जागा अमोल आहेत. पण काउंट शून्यावर असताना वेगळे स्वच्छतागृह, खात्रीचे पाणी, ओल नसलेल्या भिंती आणि शेजारी बांधकामाची धूळ नसणे, एवढे हवेच. धूळ आणि ओल म्हणजे बुरशीच्या संसर्गाला आमंत्रण. मुंबईच्या पावसाळ्यात या अटी मध्यमवर्गीय सदनिकेलाही जड जातात.

तिसरे कारण जंतूंचे आणि ते दोन्ही बाजूंना कापते. भारतीय रुग्णालयांत औषधांना न जुमानणारे जंतू जास्त, हा घराच्या बाजूचा मुद्दा. पण तसले जंतू अनेक रुग्ण आतड्यांत घेऊनच वॉर्डात येतात. मग ताप आल्यावर पहिल्या तासात योग्य औषध मिळणे अधिकच निर्णायक ठरते आणि पारडे वॉर्डाकडे झुकते. चौथे कारण रक्तघटकांचे. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला किरणोत्सार दिलेल्या प्लेटलेट्स लागतात आणि त्या रात्री-अपरात्री सगळीकडे मिळत नाहीत.

सध्या आपल्याकडे जास्त व्यवहार्य दिसतो तो मधला मार्ग. काउंट येताच लवकर डिस्चार्ज, पुढची हजेरी दिवसाच्या कक्षात आणि मुक्काम रुग्णालयाशेजारी. यात दोन आठवड्यांचा कठीण काळ वॉर्डातच जातो, पण आधीचे आणि नंतरचे खाटेचे दिवस वाचतात.

काय सुटलेले नाही

काही प्रश्न अजून खुले आहेत. पहिला, निवडीची कसोटी. वय आणि सहव्याधी मोजण्याची परिमाणे आहेत. सोबतीच्या माणसाची क्षमता, घराची स्वच्छता आणि रात्रीच्या वाहनाची हमी मोजण्याचे सर्वमान्य परिमाण नाही. दुसरा, यंत्रांचा. अंगावर लावायचे तापमापक आणि नाडीमापक परिचारिकेच्या नजरेची जागा कितपत घेतील, हे ठरायचे आहे. तिसरा, जीव्हीएचडी आणि घरचे जेवण यांच्या नात्याचा. स्टॉकहोमचा निकाल चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीत टिकला तर चर्चेचा पायाच बदलेल. चौथा, कार-टी या नव्या पेशीउपचाराचा. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून आलेल्या भारतीय कार-टीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि हे रुग्ण किती दिवस आत ठेवायचे, हा प्रश्न आता आपल्याकडेही आला आहे.

वॉर्डाची चार कामे पुन्हा तपासली तर आजचे चित्र असे. आडोशाचे महत्त्व, निदान ऑटोलॉगस रुग्णात, पूर्वी वाटे त्याहून कमी निघाले. नजर ठेवण्याचे काम दिवसाच्या कक्षाकडे आणि फोनकडे सोपवता येते. तत्काळ उपचार अंतरावर अवलंबून आहे आणि तिथे तडजोड चालत नाही. शुश्रूषा मात्र नाहीशी होत नाही, ती कुटुंबाकडे सरकते. बाह्यरुग्ण प्रत्यारोपणाचा वैद्यकीय भाग पुष्कळसा सिद्ध झाला आहे. उरलेला भाग खोली, वाहन आणि सोबतीच्या माणसाचा आहे. एखाद्या केंद्राने ही पद्धत सुरू करायची ठरवली, तर औषधांच्या यादीआधी या तीन गोष्टींची तरतूद कोण करणार, हे लिहून काढणे आणि किती रुग्ण परत भरती झाले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवणे, एवढे तरी आजच्या माहितीच्या बळावर निश्चितपणे सुचवता येते.